"ताई, पीडीएफ वाचत नाहीये": कोर्टाचा कागद आणि गप्प बसलेला स्क्रीन रीडर

रात्री साडेदहाचा फोन. पलीकडे एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, सकाळी त्याचं मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला. "ताई, निकाल डाउनलोड केला, उघडला, पण एनव्हीडीए काही बोलतच नाही. पुन्हा इन्स्टॉल केलं, तरी तेच." काय काय पुन्हा इन्स्टॉल केलंस, असं विचारलं तर आधी एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, मग अ‍ॅक्रोबॅट, आणि शेवटी वैतागून विंडोजचा अपडेट. तीन तास त्यात गेले. दोष या तिन्हींत कुठेच नव्हता.

हा फोन मला दर सत्रात येतो, परीक्षेच्या आणि मूटच्या दिवसांत तर आठवड्याला दोनदा. मी स्वतः पूर्ण अंध आहे, जिल्हा न्यायालयात वकिली करते, आणि असे तीन तास मीही पुष्कळदा घालवले आहेत. तेव्हा एकदा सगळं लिहूनच काढते. पुढच्या वेळी फोन करण्याआधी हे वाचा, आणि तरी अडलं तर खुशाल करा.

"पीडीएफ वाचत नाही" ही तक्रार "पोटात दुखतंय" सारखी आहे. दुखणं एकच वाटतं, आजार निराळे असतात. स्कॅन केलेला कागद, जुन्या फाँटमधलं मराठी, अ‍ॅक्रोबॅटची चुकलेली सेटिंग, मराठी न येणारा आवाज, सगळ्यांचं लक्षण एकच, स्क्रीन रीडर गप्प किंवा बरळतोय. निदान न करता औषध घेतलं की रात्र जाते.

निदान नोटपॅडवर

फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. एनव्हीडीए+स्पेस (एनव्हीडीए कळ म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबून ब्राउझ मोड बंद करा. ही पायरी गाळू नका. ब्राउझ मोड चालू असताना कंट्रोल+ए दाबलं तर अ‍ॅक्रोबॅटमधला मजकूर उचलला जात नाही, एनव्हीडीएने आपल्यापुरती बनवलेली त्याची नक्कल उचलली जाते. म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्याचीच साक्ष. ब्राउझ मोड बंद झाला की कंट्रोल+ए, कंट्रोल+सी, मग कोरं नोटपॅड उघडून कंट्रोल+व्ही. कंट्रोल+होम दाबून वर जा आणि खाली येत ऐका.

काय ऐकू येतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

नोटपॅड कोरंच राहिलं, तर तुमच्या हातात मजकूर नाहीच, कागदाचा फोटो आहे. अ‍ॅक्रोबॅट कधीकधी स्वतःच इशारा देतो, की पान रिकामं दिसतंय, ही स्कॅन केलेली प्रतिमा असू शकेल. एकदोन पानं असतील आणि मजकूर इंग्रजी असेल तर एनव्हीडीए+आर दाबा. विंडोज १० पासून पुढे विंडोजचं स्वतःचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय असते, एनव्हीडीए तेच वापरतं. ओळखलेला मजकूर तात्पुरत्या पानावर येतो, बाणांनी वाचायचा, एस्केपने बंद करायचा. मात्र या ओसीआरला पडद्यावर दिसतं तेवढंच वाचता येतं. म्हणून खिडकी मोठी करा, कंट्रोल+शून्य दाबून पूर्ण पान पडद्यावर आणा.

आता एक गंमत. आपल्यापैकी बरेच जण स्क्रीन कर्टन, म्हणजे स्क्रीन काळा करणारी सोय, चालू ठेवतात. लायब्ररीत शेजारच्याने आपला स्क्रीन वाचू नये म्हणून ते बरंच आहे, पण पडदा टाकलेला असताना ओसीआर आंधळं होतं. एनव्हीडीए तसं सांगतंही, पण घाईत आपण ते वाक्य कंट्रोल दाबून तोडतो आणि "ओसीआरसुद्धा चालत नाही" असा निष्कर्ष काढतो. एनव्हीडीए+कंट्रोल+एस्केपने पडदा काढा, काम करा, मग परत टाका.

विंडोजच्या या ओसीआरला देवनागरी येत नाही. मराठी रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) किंवा फेरफाराची नोंद त्याच्यासमोर ठेवली तर ते इंग्रजी अक्षरांची भेळ करून देतं. मराठीसाठी आणि साठ-सत्तर पानी निकालासाठी अख्खी फाइलच ओसीआर करून घ्यावी लागते. त्याचे दोन मार्ग मी वापरते. पहिला सोपा: फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि गूगल डॉक्सने उघडायची. मराठी चांगलं ओळखतं, पण फाइल २ एमबीच्या आत ठेवा असं गूगलच सांगतं, म्हणून मोठ्या फाइलचे तुकडे करावे लागतात. दुसरा मार्ग टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर आणि त्याच्यावर चालणारं ओसीआर-माय-पीडीएफ. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही आपल्याच संगणकावर चालतात. कमांड लिहाव्या लागतात म्हणून मुलं घाबरतात, पण खरं सांगू का, काळ्या खिडकीत टाइप केलेली कमांड आपल्याला चित्रांनी भरलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जवळची असते. भाषा देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या. आपल्याकडच्या एकाही कोर्टाच्या कागदावर नुसतं मराठी नसतं.

फक्त तळटीप बोलते, मजकूर नाही

हा प्रकार सगळ्यात फसवा आहे, आणि त्या रात्रीच्या मुलाचा आजार हाच निघाला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या आदेशांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असते. तीन कोलन, अपलोडची तारीख, पुन्हा तीन कोलन, डाउनलोडची तारीख आणि वेळ, पुन्हा तीन कोलन. ही ओळ संगणकाने नंतर छापलेली असते, म्हणून ती मजकूर असते. पण तिच्या वरचा आदेश जर जुना असेल, कागदावरून स्कॅन केलेला असेल, तर तो फोटोच राहतो. नोटपॅडमध्ये चिकटवलं की ऐकू येतं अपलोड, डाउनलोड, अपलोड, डाउनलोड. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या पहिल्या पानावर डिजिटल सहीचा शिक्का असतो, त्यातलं "सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड" हे वाक्य ऐकून दरवर्षी दोन जण तरी घाबरून विचारतात की निकाल खोटा आहे का. नाही. त्या संगणकावर सहीचं प्रमाणपत्र पडताळलं गेलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

फसवं अशासाठी, की पानावर थोडा तरी मजकूर आहे म्हटल्यावर अ‍ॅक्रोबॅट "पान रिकामं" असा इशारा देत नाही. आपल्याला वाटतं स्क्रीन रीडर अर्धवट वाचतोय. आणि यापुढची अडचण आणखी वाईट: पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ओसीआर करायला गेलात तर तो नकार देतो, कारण पानावर आधीच मजकूर आहे. ओसीआर-माय-पीडीएफही याच कारणावरून थांबतं. पण त्याला फोर्स-ओसीआर असा पर्याय आहे. तो दिला की ते आधीचा सगळा थर फेकून देऊन पानाचं चित्र करतं आणि नव्याने वाचतं. अ‍ॅक्रोबॅट प्रोच वापरायचं असेल तर फाइल आधी टिफ चित्रांमध्ये एक्स्पोर्ट करायची, मग त्या चित्रांवर ओसीआर. लांबचा रस्ता आहे, पण पोचवतो.

ओसीआर झाल्यावर ती तळाची ओळ प्रत्येक पानाच्या शेवटी, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वाक्याच्या मधोमध येऊन बसते. न्यायमूर्ती म्हणतात "अपीलकर्त्याला", मग अपलोड-डाउनलोड, मग "दिलासा देता येणार नाही". वर्डमध्ये कंट्रोल+एच उघडा, वाइल्डकार्डचा चौकोन निवडा, शोधायच्या जागी तीन कोलन, तारा, तीन कोलन, तारा, तीन कोलन असं लिहा आणि बदलायची जागा कोरी ठेवा. पण "रिप्लेस ऑल" लगेच दाबू नका. ओसीआरने एखाद्या पानावर एक कोलन जरी खाल्ला असेल तर हा शोध पुढच्या पानाच्या कोलनांपर्यंत पसरतो आणि मधला अख्खा परिच्छेद गिळतो. एकेक करत जा, दर वेळी किती निवडलं गेलंय ते ऐका. मी एकदा एका आदेशातला जामिनाच्या अटींचा परिच्छेद असाच गमावला होता. सिनियरांनी अटी विचारल्या तेव्हा कळलं.

एच, के, के, जे, आर

नोटपॅडमध्ये भरपूर मजकूर आला, पण इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग. हे जुन्या फाँटचं काम.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची वेगळी जागा देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी टाइप करायला जे फाँट होते, त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवले होते. डोळ्यांना दिसतं शुद्ध मराठी, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी. कृतिदेवमध्ये "भारत" लिहिलेला शब्द आतून कॅपिटल एच, के, के, जे, आर असा असतो. स्क्रीन रीडरला आकार दिसत नाही, त्याला आतलं तेवढंच कळतं. आपल्याकडे श्री-लिपी आणि सीडॅकचे सुरेखसारखे डीव्हीबी-टीटी फाँट पुष्कळ चालले. जुनी खरेदीखतं, नोटिसा, करारनामे यांच्या सॉफ्ट कॉपी त्यांतच असतात, आणि पंचवीस वर्षं तोच कीबोर्ड बोटांत बसलेले टायपिस्ट आजही त्यांतच टाइप करतात.

इथे सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते तांत्रिक कारणाने नाही. फाइल पाठवणाऱ्याला आपण सांगतो की वाचता येत नाही, आणि तो म्हणतो, "मॅडम, आमच्याकडे तर नीट दिसतंय." खरंच नीट दिसत असतं. त्याला पटवायचा एकच उपाय मला सापडला आहे. त्याला म्हणायचं, त्यातली एक ओळ उचला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. चिकटवल्यावर त्याच्यासमोर एच-के-के-जे-आर येतं, आणि मग तोच विचारतो, "हे काय झालं?"

फाँट कोणता ते आधी काढा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल+डी, मग फाँट्सचा टॅब. नावाच्या आधी सहा अर्थहीन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असू शकतं, त्याकडे दुर्लक्ष करा. वर्डची फाइल असेल तर मजकुरावर कर्सर ठेवून एनव्हीडीए+एफ. फाँट कळला की त्याच कुळाचा युनिकोड कन्व्हर्टर हवा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्री-लिपीवर चालवला तर एका निरर्थकाचं दुसरं निरर्थक होतं, कारण प्रत्येक कुळाची मांडणी वेगळी. आणि कागदात मधेच खरंखुरं इंग्रजी असेल, एखाद्या बँकेचं नाव किंवा कायद्याचं कलम, तर कन्व्हर्टर त्याचंही "मराठी" करून टाकतो.

म्हणून मी आताशा पीडीएफसाठी कन्व्हर्टरच्या नादाला लागत नाही. हे फाँट डोळ्यांना बरोबर दिसतात ना? मग ओसीआरलाही दिसतात. वर सांगितलेला फोर्स-ओसीआरचाच मार्ग इथे चालवायचा, आतला खोटा मजकूर फेकायचा आणि दिसणारं मराठी वाचून घ्यायचं. छापील, स्वच्छ अक्षर असल्यामुळे निकाल बहुधा चांगला येतो. कन्व्हर्टर फक्त वर्डच्या फाइलसाठी ठेवा.

याच्याच शेजारचा एक किरकोळ प्रकार: नोटपॅडमध्ये मराठीच येतं, पण ऱ्हस्व वेलांट्या आपल्या अक्षराच्या आधी जाऊन बसलेल्या, जोडाक्षरं फुटलेली, "दिनांक" ऐवजी भलतंच काही. फाइल युनिकोडमध्येच बनलेली असते, पण पीडीएफ करताना अक्षरांऐवजी आकारांचा क्रम साठवला जातो, आणि छापील देवनागरीत वेलांटी आधी येते. वाचून अर्थ लागत असेल तर सोडून द्या. त्यातून उतारा उचलून दाव्यात टाकायचा असेल तर मात्र पुन्हा ओसीआर करा. नाहीतर न्यायाधीशांसमोर जाणाऱ्या कागदावर तुमच्या नावाने त्या फुटक्या वेलांट्या जातील, आणि तुम्हाला त्या दिसणार नाहीत.

नोटपॅडमध्ये सगळं ठीक, अ‍ॅक्रोबॅटमध्ये नाही

मग दोष सेटिंगचा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल+के, रीडिंग हा विभाग. तिथे विचारलेलं असतं की पूर्ण दस्तऐवज वाचायचा, फक्त दिसणारी पानं वाचायची, की दस्तऐवज मोठा असेल तरच दिसणाऱ्या पानांवर थांबायचं. हा तिसरा पर्याय असला की "मोठा" म्हणजे मुळात ५० पानं. कायद्याच्या विद्यार्थ्याला ५० पानं म्हणजे काहीच नाही. खासगीपणाच्या हक्काचा पुट्टस्वामी निकाल ५४७ पानांचा, अयोध्येचा १०४५. अशी फाइल उघडली की स्क्रीन रीडर एक पान वाचून थांबतो आणि मुलांना वाटतं निकाल एवढाच. एका मुलीने खरंच पहिल्या पानावरची वकिलांची नावं वाचून मला विचारलं होतं की यात निर्णय कुठे आहे.

पूर्ण दस्तऐवजाचा पर्याय निवडा, पण मग १०४५ पानं तयार व्हायला संगणकाला वेळ द्या. त्या वेळात कळा दाबत राहिलात तर तो गोठतो. मी अशा फाइली उघडून चहा ठेवायला जाते. जुन्या संगणकावर हे झेपत नसेल तर सरळ नोटपॅडमध्ये किंवा वर्डमध्ये घेतलेला मजकूरच वाचा, मात्र पानाचे क्रमांक त्यात हरवतात. तसंही उद्धृत करताना पान क्रमांकापेक्षा परिच्छेद क्रमांक धरायची सवय लावा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने न्यूट्रल सायटेशन आणलं, त्यात निकालाचा क्रमांक आणि परिच्छेद एवढं पुरतं, कुठल्या प्रकाशकाचं कितवं पान हा प्रश्न उरत नाही. आपल्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

नोटपॅडमध्ये बाण चालवताना ओळी आहेत असं कळतं, पण आवाज नाही. मग समजा, मजकूर मराठी युनिकोड आहे आणि तुमचा आवाज इंग्रजी आहे. एलोक्वेन्स या आवाजाची सवय झालेल्यांना हे हमखास होतं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आहे. उच्चार रुक्ष आहेत, पण मजकूर कळतो. वकिलाला तेवढं पुरे.

आणि कॉपीच होत नसेल, तर कंट्रोल+डी मध्ये सिक्युरिटीचा टॅब पाहा. फाइलवर कुलूप असेल तर ते लावणाऱ्याकडेच मागणं करावं लागतं.

वाचलं म्हणजे बरोबर वाचलं असं नाही

इथपर्यंत आलात की रात्री बारा वाजता ओसीआर झालेला निकाल धडाधडा वाचू लागतो आणि इतकं बरं वाटतं की आपण तो खराच मानतो. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण कादंबरी वाचताना चाललेली चूक वकिलीत चालत नाही.

इंग्रजी कॅपिटल बी आणि आकडा आठ ओसीआरला सारखे दिसतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३बी म्हणजे परस्परसंमतीने घटस्फोट. त्यातल्या बीचा आठ झाला की होतं १३८, आणि कलम १३८ म्हटलं की प्रत्येक वकिलाच्या डोक्यात परक्राम्य संलेख कायदा, न वटलेला चेक. इंटर्नशिपमध्ये मी एका कौटुंबिक प्रकरणाची टिपणी अशीच केली होती. सिनियर शांतपणे म्हणाले, "नवरा-बायकोत चेक कुणी कुणाला दिला?" तेव्हापासून आकडा ऐकला की मी एकेक अक्षर बाणाने तपासते.

देवनागरीत १ आणि ९ एकमेकांच्या जागी येतात. गट नंबर १९१ चा १९९ झाला तर तुम्ही दुसऱ्याच माणसाच्या जमिनीवर मनाई हुकूम मागाल. सातबारा तर ओसीआरला मुळीच पेलत नाही. तक्ता असतो, रकाने एकमेकांत मिसळतात, आणि क्षेत्राच्या आकड्यातला बिंदू गळाला की चाळीस आरचं शेत चाळीस हेक्टर होतं.

एनव्हीडीएचीही एक सवय बदला. विरामचिन्हांची पातळी मुळात "काही" वर असते, तिथे कंस बोलले जात नाहीत. जुन्या दंड संहितेत फसवणूक म्हणजे ४२० एवढं पुरत होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३१८(४) आहे, आणि कंस ऐकू आला नाही तर "तीनशे अठरा चार" म्हणजे काय हे तुम्हीच ठरवायचं. एनव्हीडीए+पी दाबत पातळी "बहुतेक" किंवा "सर्व" वर न्या. सतत कंस-स्वल्पविराम ऐकून डोकं उठत असेल तर एनव्हीडीए+कंट्रोल+पी ने वर्डसाठी वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे मसुदा करताना चिन्हं बोलतील आणि बाकी वेळी गप्प राहतील.

एवढं करूनही डोळस माणसाची मदत लागते, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त ती नेमकी मागा. "हे वाचून दाखव" म्हटलं तर मित्र दुसऱ्या पानावर कंटाळतो. त्याऐवजी ओसीआरच्या मजकुरातून नावं, तारखा, कलमं, रकमा आणि गट नंबर यांची यादी तुम्ही काढा आणि त्याला म्हणा, मूळ कागदाशी एवढंच ताडून दे. वीस मिनिटांत होतं. इंग्रजी निकालात "नॉट" हा शब्द जिथे जिथे निर्णायक आहे ती वाक्यंही त्या यादीत घाला. एका टीचा डब्ल्यू झाला की नकाराचा होकार होतो.

हस्तलिखिताचं मात्र सोडून द्या. हाताने लिहिलेला जबाब, जुना रोजनामा, डॉक्टरचं इंज्युरी सर्टिफिकेट, यांना माणूसच लागतो. आणि मोडीतला कागद आला तर खूश व्हा, तिथे ऑफिसमधले सगळेच तुमच्याइतके अंध असतात.

कोणती फाइल कुठे चढवायची

निकाल सार्वजनिक असतात, ते गूगल ड्राइव्हवर टाका, आणखी कुठे टाका, काही बिघडत नाही. अशिलाचं खरेदीखत, वैद्यकीय कागद, नवरा-बायकोची पत्रं मात्र कुठल्याही "फुकट ओसीआर" लिहिलेल्या संकेतस्थळावर चढवू नका. अशील आणि वकील यांच्यातल्या गोष्टी बाहेर जाऊ न देण्याचं बंधन आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. "मला वाचता येत नव्हतं म्हणून चढवलं" हे उत्तर तिथे चालणार नाही. अशा कागदांसाठीच टेसरॅक्ट शिकून ठेवा, कागद घराबाहेर जात नाही. इंटर्नशिपला लागाल तेव्हा पहिल्याच दिवशी सिनियरांना विचारा की कोणता कागद कुठे उघडलेला चालेल. या प्रश्नाने तुमची किंमत वाढते, कमी होत नाही.

आणि आपणच बनवलेली गप्प पीडीएफ

वर्डमधून पीडीएफ करताना "प्रिंट टू पीडीएफ" वापरू नका, त्यात मथळ्यांची आणि तक्त्यांची रचना जाते. एफ१२ दाबा, प्रकार पीडीएफ निवडा, ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅक्सेसिबिलिटीसाठी रचनेचे टॅग ठेवण्याचा चौकोन निवडलेला आहे का ते ऐका. मथळे ठळक करून नाही, कंट्रोल+ऑल्ट+१ सारख्या शैलीने द्या, म्हणजे दाव्यातली "वाद-कारण", "न्यायाधिकार", "मागणी" अशी प्रकरणं एच दाबत गाठता येतात.

पण खरी गोची पुढे आहे. दावा मी टाइप करते, तो प्रिंट होतो, अशील सही करतो, प्रतिज्ञापत्रावर शिक्का बसतो, मग अख्खा गठ्ठा स्कॅन होऊन ई-फायलिंगला जातो. म्हणजे माझाच दावा, माझ्याच बोटांनी लिहिलेला, सही झाल्यावर मलाच वाचता येत नाही. स्कॅन ३०० डीपीआयवर करून लगेच ओसीआर केलं तर त्यातला शोध चालतो आणि पानंही बोलतात, पण ते करायला कुणी तरी लक्षात ठेवावं लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १२ मध्ये सरकारी सार्वजनिक कागद सुलभ स्वरूपात देण्याबद्दल आणि कागद दाखल करून घेणाऱ्या विभागांना, रजिस्ट्रीला आणि अभिलेख कार्यालयांना त्यासाठी साधनं पुरवण्याबद्दल लिहिलेलं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत असं म्हटलं. अर्ज करताना हे दोन्ही लिहा. पण उद्या सकाळी तारीख असताना अर्ज कामाला येत नाही, ओळखीचा कारकून येतो. कुणाकडूनही कागद मागताना मी हे तीन वाक्यांत मागते, तुम्हीही तसंच मागा: "स्कॅन करण्याआधीची वर्ड फाइल असेल तर ती पाठवा. नसेल तर ३०० डीपीआयवर, पानं सरळ ठेवून स्कॅन करा, मोबाइलने फोटो काढू नका. मराठी असेल तर कोणत्या फाँटमध्ये टाइप केलंय तेवढं सांगा."

पहिल्यांदा दोन-तीनदा विसरतात. आमच्या ऑफिसमधला कारकूनही विसरायचा. आता प्रत्येक केसच्या फोल्डरमध्ये तो न सांगता दोन फाइली ठेवतो. एकीच्या नावापुढे "सहीची" लिहिलेलं असतं, दुसरीच्या पुढे "वाचायची".